सदतीस मिलिग्रॅम

कोळवणच्या खोऱ्यात समुद्राचं पाणी टेम्पोतून येतं. दर दीड महिन्याला राजू टेम्पोवाला किनाऱ्यावरून पंचवीस कॅन भरून घेतो, ताम्हिणी घाट चढतो आणि भातखाचरांच्या मधल्या रस्त्याने येऊन कोंडिबांच्या जुन्या पोल्ट्रीच्या शेडसमोर उतरवतो. शेडमध्ये आता कोंबड्या नाहीत. आठ वर्षांपूर्वी सुलक्षणाने ती भाड्याने घेतली, जमीन पक्की करून घेतली, भिंतींना दुहेरी आवरण लावलं आणि तिथे समुद्रात जाणारी उपकरणं तपासायची प्रयोगशाळा थाटली. पहिला टेम्पो आला तेव्हा कोंडिबांनी बोट बुडवून पाणी चाखलं होतं आणि थुंकून म्हणाले होते, "आमी गोड्या पान्यासाठी बांधावर भांडतोय, आन् ह्या बाई खारं पानी घाटावरनं आनत्यात."

सुलक्षणा सेहेचाळीस वर्षांची. भौतिकशास्त्र शिकलेली, बोलणं मोजकं. समुद्र दूर असला तरी तिच्या कामाचं काही अडत नव्हतं. तिला हवी होती न हादरणारी जमीन, आणि ती इथे होती.

काम सांगायला सोपं होतं. समुद्रात बोये तरंगत असतात, त्यांच्या पोटाखाली पाण्याची क्षारता आणि तापमान मोजणारे सेन्सर असतात. वर्षभर पाण्यात राहिलं की सेन्सर हळूहळू खरं विसरायला लागतो. मग त्याला इथल्या टाकीत, माहीत असलेल्या पाण्यात बुडवायचं आणि त्याचा आकडा खऱ्या आकड्याशी जुळवून द्यायचा. याला कॅलिब्रेशन म्हणायचं. आता टाकीतलं पाणी नेमकं किती खारं आहे, हे कसं कळायचं? टाकीतून दोनशे मिलिलिटरच्या तपकिरी बाटलीत नमुना भरायचा आणि तो क्षारतामापकावर तपासायचा. म्हणजे साऱ्या कारभाराचा भरवसा शेवटी त्या बाटलीवर होता.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी, खोऱ्यात भाताची झोडणी चाललेली असताना, पत्र आलं. समुद्रसंशोधन संस्थेतल्या कौस्तुभचं. जुलै ते सप्टेंबर या काळात सुलक्षणाने तपासून दिलेले अकरा सेन्सर अरबी समुद्रातल्या बोयांवर बसले होते. ऑक्टोबरात जहाज गेलं, त्यातल्या पाचांशेजारी जहाजाचं उपकरण सोडून ताडून पाहिलं, आणि आकडे जुळले नाहीत. तुमचे सेन्सर क्षारता कमी दाखवतात, असं त्याने लिहिलं होतं. किती कमी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. ते आकडे बंद पाकिटात घालून तो शुक्रवारी स्वतः घेऊन येणार होता. तोवर चूक सापडली नाही आणि नेमकी मोजता आली नाही, तर अकराही सेन्सरच्या पावसाळ्याभरच्या नोंदी रद्द होणार होत्या.

सुलक्षणाने पत्र दोनदा वाचलं. प्रयोगशाळेच्या नावाला बट्टा लागेल हे खरंच होतं, पण तिला टोचलं ते दुसरंच. तो पावसाळा समुद्रावरून गेला होता. अकरा ठिकाणी, दर तासाला, कुणीतरी तो मोजला होता. आता तो पुसायचा, तेही तिच्यामुळे.

तिच्या हाताखाली उत्कर्षा होती. नांदेडची, तिशीतली अभियंता. सूसच्या एका सोसायटीत राहायची आणि रोज स्कूटीवरून यायची. बोलायला लागली की थांबायची नाही. मंगळवारी दोघींनी तापमापक तपासला, ठीक होता. बुधवारी सकाळी प्रमाण पाण्याची, म्हणजे क्षारता नेमकी ठाऊक असलेल्या पाण्याची, नवी सीलबंद नळी फोडून क्षारतामापक तपासला; तोही बिनचूक. दुपारपर्यंत उत्कर्षाचा धीर सुटला. जहाजाचंच उपकरण बिघडलेलं असणार, असं तिने तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं.

"ज्याला आपलं घर झाडायचं नसतं, त्याला शेजाऱ्याच्या अंगणात कचरा दिसतो," सुलक्षणा म्हणाली.

मग सुलक्षणाने कार्यपद्धतीची वही उघडली आणि जुलैपासून पुढे काय बदललं ते शोधायला बसली. फार शोधावं लागलं नाही. जुलैत ताम्हिणीत दरड कोसळली होती, रस्ता एकोणीस दिवस बंद होता, आणि कॅनमधलं पाणी संपत आलं होतं. तोवर नियम असा होता की नमुना भरण्याआधी बाटली त्याच टाकीच्या पाण्याने तीनदा विसळायची. विसळलेलं पाणी वाया जायचं. बाटल्या धुऊन वाळवूनच येतात, कोरड्या बाटलीला विसळणं कशाला, असा विचार करून तो नियम खोडला होता. खोडलेल्या ओळीशेजारी सही होती, तारीख होती. सही तिची स्वतःची. घाट उघडला, पाणी आलं, पण खोडलेली ओळ खोडलेलीच राहिली.

तिने बारा बाटल्या काढल्या. सहा तीनदा विसळून भरल्या, सहा तशाच. सगळं पाणी एकाच टाकीचं, एकाच वेळी घेतलेलं. क्षारतामापकावर लावलं तर न विसळलेल्या सहाही बाटल्या कमी निघाल्या. क्षारतेच्या एककाचे सहा-सात हजारांश, दर वेळी त्याच बाजूला.

उत्कर्षाने क्रेटमधली एक रिकामी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. तपकिरी काच, आत काही दिसेना. ही तर कोरडी आहे, म्हणाली. सुलक्षणाने ती बाटली झाकणासकट नाजूक काट्यावर ठेवली, वजन लिहिलं, मग उघडून ओव्हनमध्ये तासभर कोरडी केली, थंड होऊ दिली आणि पुन्हा ठेवली. सदतीस मिलिग्रॅम कमी. दुसरी बाटली छत्तीस. तिसरी एकोणचाळीस.

सदतीस मिलिग्रॅम म्हणजे पाण्याचा एक थेंब. दोनशे मिलिलिटर समुद्रात गोड्या पाण्याचा एक थेंब पडला, तर क्षारता तेवढीच उतरते. हिशोब चोख जुळत होता. प्रश्न एवढाच होता, की प्रत्येक बाटलीत एकेकच थेंब राहिलाच कसा?

बाटल्या धुण्याचं काम सगुणाबाई करायच्या. कोंडिबांच्या त्या कारभारीण. शेडच्या मागे त्यांचं घर. जमीन होती, दोन खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या, कामाची गरज नव्हती, पण शेड भाड्याने गेली त्या महिन्यातच त्या येऊन म्हणाल्या होत्या की तुमची ती काच पोरींच्या हातची नव्हं, मी धुते. तेव्हापासून त्या प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यानेच बाटल्या धुवायच्या, मलमलीखाली उन्हात वाळवायच्या आणि झाकणं लावून क्रेट परत करायच्या. आठ वर्षांत एक बाटली फुटलेली नव्हती.

सुलक्षणा मागच्या अंगणात गेली तेव्हा वाळलेल्या बाटल्या रांगेत मांडलेल्या होत्या. सगुणाबाई उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी शुद्ध पाण्याची वाटी. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी वाटीत बुडवली, बाटलीच्या तोंडावर नेली, थेंब आत पडू दिला आणि झाकण घट्ट लावलं. मग पुढची. पुन्हा बोट, पुन्हा थेंब, पुन्हा झाकण.

सुलक्षणाने पाच बाटल्या होईतो पाहिलं. मग विचारलं, "सगुणाबाई, हा थेंब कशाला?"

"आवो, रिकामं भांडं कुनाच्या हातात देऊ न्हाई," सगुणाबाई मान वर न करता म्हणाल्या. "दुदाची किटली परत दिली तरी चार दानं घालून देतो आमी. तुमच्या बाटलीत तांदूळ घातलं आस्तं तर तुमी वरडला आस्ता. म्हून तुमचंच पानी घालते. थेंबभरच."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं. का, काय इगाडलं?"

सुलक्षणा दगडी पायरीवर बसली. आठ वर्षं हा थेंब बाटलीत पडत होता, आणि आठ वर्षं तीनदा विसळून तो बाहेर फेकला जात होता. कुणाला पत्ता नव्हता. जुलैत तिने नियम खोडला आणि थेंब आत राहिला. सगुणाबाईंनी काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं तिने. "तुमचं काही बिघडलं नाही," ती म्हणाली. "माझं बिघडलं."

तिने तिथूनच कौस्तुभला फोन लावला आणि एकही गोष्ट न लपवता सांगितलं. मग तो म्हणाला की कारण सापडलं याचा आनंद आहे, पण बोटावरून पडलेला थेंब हे काही माप नव्हे. कधी लहान पडला असेल, कधी मोठा. नक्की किती पडला हे सांगता येत नसेल तर आकडे दुरुस्त कसे करणार? नोंदी रद्दच कराव्या लागतील. तरी शुक्रवारी यावं, असं सुलक्षणा म्हणाली, आणि फोन ठेवला.

नक्की किती पडला. रात्रभर तिच्या मनात तेवढेच शब्द होते, आणि सकाळी उठल्यावर तिला ते सोपे वाटले. सेन्सर खरं किती सांगतो हे ती आयुष्यभर तपासत आली होती. मग हेही एक साधन होतं. त्याचंही कॅलिब्रेशन करता येईल.

गुरुवारी सकाळी शंभर बाटल्या ओव्हनमध्ये कोरड्या करून, वजन करून, नंबर टाकून टेबलावर मांडल्या आणि सगुणाबाईंना शेडमध्ये बोलावलं. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. मागोमाग कोंडिबाही आले.

"आता बोटाची बी परीक्षा का?" ते म्हणाले. "चाळीस वर्सं हिच्या हातचं खातोय. मीठ कधी कमी-जास्त झालं न्हाई. जीब तेवढी हातात न्हाई."

"तुमची हाय व्हय?" सगुणाबाई म्हणाल्या आणि वाटीत बोट बुडवलं.

पहिला थेंब बावन्न मिलिग्रॅमचा. दुसरा एकवीस. तिसरा थेंब नव्हताच, धारच होती. उत्कर्षा आकडे लिहीत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. दहा बाटल्या झाल्या तरी दोन आकडे सारखे येईनात. कौस्तुभ म्हणाला होता तसंच होतं सगळं.

सुलक्षणा सगुणाबाईंच्या हाताकडे पाहत होती. तो हात आज अवघडलेला होता. तीन माणसं टक लावून बसली होती. बोटाला ते कळत होतं. टाकीतसुद्धा सेन्सर सोडल्यावर पाणी शांत होईपर्यंत तासभर थांबावं लागतं, त्याआधीचे आकडे कुणी धरत नाही. तिने त्या दहा बाटल्या बाजूला काढायला सांगितल्या. पण त्यांचे आकडे खोडू नको, कारण लिहून ठेव, असंही सांगितलं. कोंडिबांना झोडणीवर जायची आठवण केली, उत्कर्षाला काट्याच्या खोलीत धाडलं, टेबल उचलून मागच्या अंगणात नेलं, आणि स्वतः सगुणाबाईंकडे पाठ करून भाताच्या काडाची पेंढी बांधायला बसली. मग सहज विचारावं तसं विचारलं, की पलीकडच्या फार्महाऊसवाल्याने विहिरीचं काय केलं?

बस्स. त्या फार्महाऊसवाल्याने इंद्रायणी पिकणारं खाचर बुजवून हिरवळ लावली होती, तिला रोज दोनदा पाणी लागत होतं, आणि ती हिरवळ गाईनेसुद्धा खाल्ली नव्हती. सगुणाबाई बोलत राहिल्या. त्यांच्या बोलण्याखाली वाटीत बोट बुडत होतं, थेंब पडत होता, झाकण फिरत होतं. सुलक्षणाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पेंढी मात्र तिला शेवटपर्यंत नीट बांधता आली नाही.

नव्वद बाटल्या वजन करायला दुपार झाली. उत्कर्षा काट्याच्या खोलीतून बाहेर आली ती कागद हातात धरून. सरासरी सदतीस पूर्णांक एक मिलिग्रॅम. इकडे-तिकडे फरक जेमतेम अडीच मिलिग्रॅमचा.

"मॅडम, आपली थेंब टाकायची पिचकारीसुद्धा इतकं नेमकं टाकत नाही," ती म्हणाली.

सुलक्षणाने मान हलवली. मन भरून आलं होतं, पण काम अजून झालं नव्हतं. हा आजचा थेंब होता, जुलै-ऑगस्टमधला नव्हे. कौस्तुभ पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि त्याच्या जागी तिनेही तोच विचारला असता. मग तिला कोठीतल्या क्रेट आठवल्या. पावसाळ्यात धुऊन आलेल्या, पण वापरल्या न गेलेल्या बाटल्या तिथे तशाच बंद पडून होत्या. प्रत्येक आठवड्याच्या क्रेटला तारखेची चिठ्ठी. अठ्ठेचाळीस बाटल्या निघाल्या. दोघी एकेक तोलू लागल्या. जुलैचे थेंब सदतीस. सप्टेंबरचे छत्तीस, सदतीस, अडतीस.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याची क्रेट मात्र कोरडी निघाली. आठच्या आठ बाटल्या. शून्य.

उत्कर्षाने काटा पुन्हा तपासला. तोच आकडा. एक क्रेट कोरडी असेल तर सगळा पायाच ढासळत होता. मग थेंब कधी पडला आणि कधी नाही, याचा भरवसा काय? सुलक्षणा ती चिठ्ठी हातात घेऊन उठली आणि थेट मागच्या घरी गेली. सगुणाबाई झोडणीवर गेल्या होत्या. चुलीपाशी त्यांची सून सायली होती. ऑगस्टात त्या आठवड्यात बाटल्या कोणी धुतल्या, असं विचारल्यावर सायलीने आधी बाहेर डोकावून पाहिलं.

"आत्या तवा पौडला गेल्या हुत्या, भाचीच्या बाळंतपनाला. मीच धुतल्या," ती हळू आवाजात म्हणाली. "धुतल्या चांगल्याच, म्याडम. पर ते थेंबाचं न्हाई केलं मी. मला न्हाई पटत तसलं. आत्यांना सांगू नका."

"सांगणार नाही," सुलक्षणा म्हणाली. तिने सायलीचे दोन्ही हात धरले. सायलीला काही कळेना.

वहीत पाहिलं. त्या आठवड्याच्या बाटल्यांवर फक्त दोन सेन्सर तपासले गेले होते. त्या दोन्हींची दुरुस्ती शून्य. बाकीच्या नऊ सेन्सरची, प्रत्येकी साडेसहा हजारांश. सुलक्षणाने अकराही आकडे एका कागदावर लिहिले, शेजारी प्रत्येकाची किती चूक राहू शकते तेही लिहिलं, आणि खाली सही केली.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कौस्तुभची जीप शेडसमोर थांबली. तो उंच, चष्मेवाला, कमी झोपलेल्या माणसासारखा दिसत होता. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. सुलक्षणाने आपला कागद त्याच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, "आधी माझा वाच. मग तुझं पाकीट उघड."

त्याने वाचला. थेंबाचं सगळं त्याला फोनवरून कळलं होतं, पण नव्वद बाटल्या, बाजूला काढलेल्या दहा आणि त्याचं कारण, कोठीतल्या अठ्ठेचाळीस, हे सगळं त्याने ओळीन् ओळ तपासलं. जहाजाने ताडून पाहिलेल्या पाच सेन्सरवर तो येऊन थांबला. तिथे सुलक्षणाने चार ठिकाणी साडेसहा हजारांश लिहिले होते आणि तिसऱ्यापुढे शून्य. त्याने त्या शून्यावर बोट ठेवलं.

"या तिसऱ्याला शून्य का?"

"त्या आठवड्यात बाटल्या दुसऱ्या हाताने धुतल्या होत्या. त्या हाताने थेंब टाकला नाही."

त्याने पाकीट फाडलं आणि आपला कागद तिच्या कागदाशेजारी ठेवला. जहाजाच्या मोजणीप्रमाणे पहिला सेन्सर सहा पूर्णांक सहा हजारांश कमी. दुसरा सहा पूर्णांक एक. चौथा सहा पूर्णांक नऊ. पाचवा सहा पूर्णांक चार. आणि तिसरा, शून्य पूर्णांक चार; म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

उत्कर्षा मागे उभी होती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

कौस्तुभने चष्मा काढला. "महिनाभर या तिसऱ्याने मला छळलंय," तो म्हणाला. "चार चुकतात आणि एक बरोबर येतो. मी म्हटलं, तिथे समुद्रच वेगळा असेल. प्रवाहांचे नकाशे काढले मी त्यावर." तो हसायला लागला. हसणं थांबल्यावर त्याने खिशातून पेन काढलं आणि सुलक्षणाच्या सहीखाली आपली सही केली. अकराही सेन्सरच्या नोंदी राहणार होत्या, दुरुस्तीसकट. पावसाळा पुसला जाणार नव्हता.

अहवालाचा नमुना भरायला उत्कर्षा लगेच बसली. एका रकान्यात साधनाचं नाव हवं होतं. काय लिहू, असं तिने विचारलं.

"जे आहे ते लिही," कौस्तुभ म्हणाला. "उजव्या हाताची तर्जनी. आणि काम करणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव."

सगुणाबाईंना बोलावून आणलं. अंगावर भाताचं कूस, हातात विळा. समुद्रातल्या अकरा यंत्रांचा पावसाळा तुमच्या हातामुळे वाचला, असं कौस्तुभने त्यांना वाकून सांगितलं. त्यांनी त्याच्याकडे, मग सुलक्षणाकडे पाहिलं.

"आन् तो इगाडला बी माझ्याच हातानं, न्हाई का?"

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "माझ्या. वहीत तसंच लिहिलंय."

"मग आता थेंब घालू का नगं?"

"घाला. आम्ही तीनदा विसळू."

सगुणाबाईंना ते रास्त वाटलं असावं. त्यांनी विळा कमरेला खोचला आणि पाहुण्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ देऊ नका, असं सांगून त्या निघाल्या. दारातून मात्र वळल्या आणि माझा थेंब त्या बायकांपेक्षा सारखा पडतो का, असं विचारलं. कुठल्या बायका, असं उत्कर्षाने विचारलं. कुठल्या बी, म्हणाल्या.

चहा झाल्यावर कौस्तुभ जीपकडे गेला आणि मागचं दार उघडलं. आत बारा पेट्या होत्या, पुढच्या मोसमाचे सेन्सर. निकाल कळेपर्यंत उतरवायच्या नाहीत, असं ठरवून त्याने त्या आणल्या होत्या. चूक सुटली नसती तर तशाच परत न्यायच्या होत्या. हे सांगताना तो थोडा ओशाळला. झोडणीवरचे दोन गडी धावत आले, कोंडिबाही बाह्या सरसावून पुढे झाले. पण पहिली पेटी सुलक्षणाने स्वतः उचलली. जड होती. तिने ती कुणाच्याही हातात दिली नाही, छातीशी धरून शेडमध्ये नेली, आणि टाकीशेजारी ठेवून झाकण उघडलं.